सावे दादांची कुस्ती आणि आपला खो-खो

खेळाचे चित्रीकरण म्हटले की आज दूरचित्रवाणीचे डझनभर कॅमेरे डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या देशात याची सुरुवात एका हौशी मराठी माणसाने केली. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी 1896 मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलत्चित्रे पाहिली आणि लंडनहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये हँगिंग गार्डनला त्यांनी दोन पैलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी लंडनलाच पाठवावी लागली. भारतीयाने काढलेल्या अगदी पहिल्या चित्रपटांत ही कुस्ती गणली जाते.

कुस्ती त्या कॅमेऱ्याला सोयीचीही होती. तिवई एकदा रोवली की दोन्ही मल्ल समोरच राहतात.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये घरगुती व्हिडिओ कॅमेरा आला तो नव्वदीच्या आसपास. सोनीचा पहिला हँडीकॅम 1985 चा. आपल्याकडे कोणाचे काका आखातातून असा कॅमेरा आणत, नाहीतर लग्नाचे शूटिंग करणारा खांद्यावर व्हीएचएस घेऊन येई. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शेजारी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले, तेव्हा कारखान्यांच्या वसाहतींतही खेळाचे वारे शिरले होते. क्रीडामहोत्सवाला एखादा तरी कॅमेरा दिसू लागला.

पण खो-खो म्हणजे कुस्ती नव्हे. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे जातो. इथे चेंडूच नाही. पळणारीला धरावे, तर खो मिळून उठणारी चौकटीबाहेर. दोघींना धरावे, तर चेहरे ओळखू येत नाहीत. मैदान कबड्डीच्या दुपटीहून लांब. जाणकार मंडळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहत, झूम कमी ठेवत आणि पळणारीच्या पुढे थोडी जागा सोडत. खाली उभे राहिले की मध्ये कोणाचे तरी डोके येई आणि ऑटोफोकस त्या डोक्यावरच जाऊन बसे.

हात पाठीला लागला की नाही, हा वाद मात्र कॅसेट क्वचितच मिटवी. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रे. मुलगी सेकंदाला 6 मीटर पळत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत ती 24 सेंटीमीटर पुढे गेलेली असते. स्पर्श नेमका त्या फटीत हरवे. आजचा फोन सेकंदाला 240 चित्रे घेतो. तीच फट अडीच सेंटीमीटरवर आली आहे.

आमच्या 1996 च्या तुकडीच्या एका कॅसेटमध्ये संचलन, पाहुण्यांचे भाषण आणि बक्षीस समारंभ भरपूर आहे. मुलींचा खो-खोचा अंतिम सामना जेमतेम चार मिनिटे. बॅटरी जपायची ती समारंभासाठी, हा तेव्हाचा रिवाज. तरी त्या चार मिनिटांत आमची एक मैत्रीण खांबाजवळ सूर मारून गडी बाद करताना दिसते. दहावीनंतर तिचा खेळ सुटला. प्रमाणपत्रावर फक्त ‘द्वितीय क्रमांक’ आहे. ती खेळायची कशी, हे तिच्या मुलीला दाखवायला ही एवढीच फीत.

आणि फिती थांबणार नाहीत. पावसाळी दमटपणात त्यांना बुरशी धरते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनेही 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होत चालले आहेत.

म्हणून एक विनंती. माळ्यावर, कपाटात क्रीडामहोत्सवाची कॅसेट असेल तर ती घेऊन या. बुरशी दिसली तर यंत्रात घालून पाहू नका, फीत तुटेल, तशीच द्या. संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी करीन. आणि यंदाच्या क्रीडामहोत्सवात आपापल्या मुलांचे फोन गॅलरीतून मैदानाकडे वळवू या. बक्षीस घेतानाचा फोटो कोणीतरी काढेलच.