खेळण्यातल्या गाड्या आणि गाड्यांचा इतिहास

आमच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. मोटारींच्या लहान प्रतिकृती बनवणे आणि जमवणे हा मुलांचा, फार तर काही हौशी माणसांचा उद्योग. त्याला इतिहासाच्या व्यासपीठावर जागा कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचाच येथे प्रयत्न करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वाहनांच्या इतिहासाची पुष्कळशी साधने दरबारी दप्तरांत नव्हे, तर खेळण्यांत सापडतात. मूळ गाडी कुजते, गंजते, मोडीत जाते. तिची धाकटी प्रतिकृती कोठेतरी कोपऱ्यात टिकून राहते आणि फार काळानंतर साक्ष देते.

ही गोष्ट किती खरी आहे हे पाहण्यास सिंधुसंस्कृतीपर्यंत मागे जावे लागते. हडप्पा, मोहेंजोदडो, चन्हुदडो ही नगरे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तेथे गाड्या होत्या याविषयी शंका नाही. परंतु लाकडाची गाडी एवढा काळ जमिनीत कशी टिकणार? तिच्याविषयी विद्वानांना जे काही सांगता येते, ते मुख्यतः मातीच्या भाजलेल्या लहान गाड्यांवरून. त्यांची भरीव चाके, त्यांचा साटा, बाजूच्या खुंट्या रोवण्याची भोके, सारे त्या खेळण्यांत आहे. २०१८ साली उत्तर प्रदेशातील सिनौली येथे दफनांबरोबर पुरलेल्या दोनचाकी गाड्यांचे अवशेष मिळाले. तेथेही लाकूड मातीस मिळाले होते, आकार राहिला तो तांब्याच्या जडावामुळे. म्हणजे कोणा कुंभाराने आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पोरासाठी चिखलाची गाडी वळली नसती, तर त्या काळच्या गाडीचे रूप आज आपणांस कितपत कळले असते?

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे लहानसे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास जमीन खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथी वस्तू म्हणजे दोन बैल जुंपलेली गाडी. गाडीत पुरुष उभा आहे आणि पुढल्या दांड्यावर एक कुत्रे आहे. या गाडीची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. चारही वस्तूंचे एकत्र वजन ६० किलोंहून अधिक. जनावरांतही नवल असे की, रेडा चार चाकांच्या पाटावर उभा आहे आणि गेंड्याच्या पायाखालीही चाके आहेत. हत्तीच्या पाटाची चाके तेवढी हरवली आहेत. ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातली की नंतरची, यावर पंडितांत वाद झाला. पूजेच्या मिरवणुकीत ती ओढून नेत असावीत असाही एक तर्क आहे. वाद काहीही असो, ज्या ओतकाऱ्याने ती गाडी ओतली त्याने खरी गाडी नीट निरखलेली होती. जू बैलांच्या मानेवर कोठे बसते आणि हाकणारा कसा तोल सावरतो, हे त्याने पाहून केले आहे. पुराणवस्तूंच्या संग्रहालयात राजमुकुटांइतक्याच मानाने ठेवलेली ही आपल्या भूमीतली वाहनाची प्रतिकृती आहे.

चाकांच्या पाटावर उभे राहिलेले जनावर म्हटल्याबरोबर आपल्या वऱ्हाडकऱ्यांना व नागपूरकरांना दुसरे काही आठवल्यावाचून राहणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा. पाटाला चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढीत पोरे घरोघर जातात आणि बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात, दुसऱ्या रघूजींच्या काळी, १८०६च्या सुमारास ही प्रथा सुरू झाली अशी परंपरा आहे. दायमाबादच्या रेड्यापासून आपल्या लाकडी नंदीपर्यंत अखंड धागा आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मधली तीन हजारांहून अधिक वर्षे मुकी आहेत. परंतु एवढे तर दिसतेच की, ज्या जनावरावर आणि ज्या वाहनावर आपले पोट अवलंबून असते, त्याचे लहान रूप करून ते मुलाच्या हाती द्यावे, ही इच्छा माणसाला फार जुन्या काळापासून आहे. वणीच्या सुताराने घडवलेला नंदी ही त्याच इच्छेची खूण होय.

आजचा जो छंद आहे त्याचा जन्म मात्र विलायतेतला, आणि तोही आगगाडीच्या आडोशाने झालेला. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्न्बी यांनी १९०१ साली ‘मेकॅनो’च्या पट्ट्या व स्क्रूंच्या खेळाचे पेटंट घेतले. पुढे त्यांच्या कारखान्यात खेळण्यातल्या आगगाड्या होऊ लागल्या. आगगाडीच्या स्टेशनाबाहेर मोटारी उभ्या असाव्यात, नाही तर ते गाव खरे वाटत नाही; म्हणून १९३३च्या अखेरीस त्यांनी सहा लहान वाहनांचा एक संच काढला. त्यात मोटारी होत्या, मालाची गाडी होती, ट्रॅक्टर होता आणि रणगाडाही होता. पुढल्याच वर्षी या खेळण्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आगगाडीच्या शोभेसाठी आणलेली मोटार लवकरच आगगाडीहून लाडकी झाली.

येथेच प्रमाणाची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण खेळणे आणि प्रतिकृती यांतला भेद तेथे आहे. त्या आगगाड्यांचे माप एका फुटास सात मिलिमीटर असे होते. एका फुटात सुमारे ३०५ मिलिमीटर. त्यांना सातांनी भागले की साडेत्रेचाळीस येतात. यातूनच १:४३ हे प्रमाण रूढ झाले आणि ते आजही चालते. आपल्या ओळखीची अँबॅसॅडर मोटार सव्वाचार मीटरांहून थोडी लांब. या प्रमाणात ती जवळजवळ दहा सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी होते. लांबी त्रेचाळीसांनी भागली तर रुंदीही त्रेचाळीसांनीच भागावी, चाकही तेवढ्यानेच आणि दाराची मूठही तेवढ्यानेच. हा नियम पाळला की खेळण्याचे दप्तर बनते. उद्या मूळ मोटार नाहीशी झाली तरी तळहातावरच्या गाडीस त्रेचाळीसांनी गुणून तिचे माप परत काढता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याने जोर धरला. लंडनच्या लेस्नी कंपनीची कथा तर मजेची आहे. जॅक ओडेल या कारागिराच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. बापाने रस्ते दाबण्याच्या रोलरची इवलीशी प्रतिकृती केली आणि ती आगपेटीत घालून दिली. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ गाड्यांची मालिका निघाली आणि ती जगभर गेली. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून प्रतिकृती बनवण्याचा छंदही याच सुमाराचा. एअरफिक्स कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, आणि पुढे तीच सुट्या भागांच्या पुड्यातून लोकांस विकली. विमाने व युद्धनौका यांच्या आधी शेतावरच्या ट्रॅक्टरला हा मान मिळाला, हे आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलखाला ऐकून बरे वाटेल.

परंतु प्रतिकृती तरी अमर असते काय? नाही. डिंकीच्या युद्धपूर्व गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीत. त्या धातूत शिशाचा अंश किंचित जरी मिसळला, तरी वर्षानुवर्षे आतल्या आत कणाकणांत गंज पसरतो. गाडी फुगते, तडकते आणि अखेर हातात भुगा होते. कोणी खेळले नाही, कपाटातून काढली नाही, तरीही होते. संग्राहक या विकाराला ‘जस्ताचा रोग’ म्हणतात. यातून शिकण्यासारखे असे की, नुसते जपून ठेवणे पुरत नाही. वस्तूबरोबर तिचे माप, तिचे चित्र आणि तिची हकीकतही लिहून ठेवावी लागते. खेळण्याचा मूळ डबा फुटला म्हणून किंमत घटली एवढीच खंत करणारा संग्राहक व्यापारी असेल. ‘ही गाडी कोणाची, कोठे धावत होती, का बंद झाली’ असे विचारणारा संग्राहक इतिहासकाराचा भाऊ आहे.

आपल्या देशात हा छंद उशिरा व उसना आला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. साचे विलायतेचे, म्हणून रूपही विलायतेतल्या रस्त्यांचे. आपल्या मुलांनी ज्या गाड्या जमवल्या त्यांतल्या बहुतेक त्यांनी रस्त्यावर कधी पाहिल्याच नव्हत्या. आणि ज्या रोज पाहिल्या, त्यांच्या प्रतिकृती दुकानात क्वचितच मिळत.

दरम्यान मूळ गाड्या एकेक करून निघून गेल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट होत असे, तिला १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि मुंबईतली पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. अँबॅसॅडरचे उत्पादन उत्तरपाड्यास २०१४ साली बंद पडले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तिच्यानंतर लाल गाड्यांच्या किती तऱ्हा आल्या आणि गेल्या, याची गणती किती जणांस सांगता येईल?

या अंधारात एक दिवा मात्र आहे, आणि तो आपल्याच मुलांनी लावला आहे. एस.टी.वर जीव जडलेली कितीतरी मुले पुठ्ठ्याच्या आणि सनबोर्डाच्या लाल गाड्या घरी हाताने बनवतात. खिडक्या मोजतात, पाटीवरची अक्षरे तशीच काढतात, आगाराचे नावही घालतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘अभ्यास सोडून हे काय?’ आम्ही म्हणतो, हाच अभ्यास आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून लहान आगगाड्यांचे संग्रहालय उभे केले. ते १९९८ साली लोकांस खुले झाले. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवण्यास आरंभ केला तेव्हा त्यांनाही हसणारे होतेच. आज त्यांच्या संग्रहावाचून मराठी घराचा इतिहास लिहिता येत नाही.

आता शेवटची आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या मुलखाची गाडी कोणती? मोटार नव्हे, एस.टी.ही नव्हे. ती बंडी. कापसाने भरून जिनाकडे गेली ती बंडी, यात्रेस कुटुंब घेऊन गेली तीही बंडी, आणि रंगनाथस्वामींच्या यात्रेतल्या बैलबाजारात ज्या जोड्या पारखून घेतल्या त्या बंडीसाठी आणि वखरासाठीच. आज वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात, शेतावर ट्रॅक्टर आहे, आणि जी बंडी उरली तिला बहुधा रबरी टायर लागले. लाकडी चाकाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, त्यांवरचे पुठ्ठे आणि लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव, हे सारे करणारे सुतार व लोहार म्हातारे झाले. त्यांच्या हाताबरोबर मापेही जातील, कारण ती मापे कागदावर कधी नव्हतीच.

विलायतेतल्या मोटारीचे माप मिलिमीटरपर्यंत जतन आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सिंधुगाडीची मातीची प्रत आहे. आणि आपल्या आजोबांच्या बंडीची प्रमाणबद्ध प्रत आपल्यापैकी कितीजणांच्या घरी आहे? तान्ह्या पोळ्याचा नंदी आपण दरवर्षी सजवतो, परंतु त्याच्यामागची गाडी मोजून ठेवण्याचे आपल्याला सुचले नाही.

काम अवघड नाही. एक फूटपट्टी, एक वही आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढे भांडवल पुरे. गावात जी जुनी बंडी गोठ्यामागे पडली असेल तिचा प्रत्येक भाग मोजावा, प्रत्येकाचे इथले नाव जाणत्यास विचारून लिहावे, आणि मग एक दशांश प्रमाणात ती घडवावी. चाक पाच फुटांचे भरले तर प्रतिकृतीत ते सहा इंचांचे होईल. आरे जितके तितकेच ठेवावेत, शोभेसाठी एकही वाढवू नये. अशी एक बंडी प्रत्येक शाळेत आणि एक वाचनालयाच्या कपाटात, शेजारी तिची वही, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. दायमाबादच्या ओतकाऱ्याचे नाव आज कोणास ठाऊक नाही. त्याची गाडी मात्र आहे. आपल्या सुतारांची नावे तरी आपणांस अजून ठाऊक आहेत. ती त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत, आणि हे काम येत्या पोळ्यापूर्वीच हाती घ्यावे.