तयार कोंबडी आणि तिच्यामागचे हात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. स्वयंपाकघरालाही इतिहास असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पण आज दुकानाच्या शीतपेटीतून जे पाकीट आपण उचलतो, ज्यात साफ केलेले, तुकडे केलेले, कधी मसाला लावलेले तर कधी चुरा लावून अर्धवट तळलेले कोंबडीचे मांस गोठवून ठेवलेले असते, त्या पाकिटामागे जवळजवळ चारशे वर्षांची कहाणी आहे. कामावरून थकून आलेल्या माउलीला अर्ध्या तासात चार ताटे वाढता यावीत, एवढे साधे काम ते पाकीट करते. ते कसे शक्य झाले आणि त्यासाठी कोणी काय मोजले, याचा थोडा मागोवा या लेखात घ्यावयाचा आहे.

कहाणीचा आरंभ बहुधा इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याच्यापासून करतात. जॉन ऑब्री या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, लंडनजवळ हायगेट येथून बग्गीतून जाताना जमिनीवरचे बर्फ पाहून बेकनच्या मनात विचार आला : मिठाप्रमाणे बर्फानेही मांस टिकेल काय? टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका गरीब बाईकडून त्याने कोंबडी विकत घेतली, तिच्याकडूनच ती साफ करून घेतली आणि स्वतःच्या हातांनी तिच्यात बर्फ भरले. त्यात त्याला थंडी बाधली व ९ एप्रिल १६२६ रोजी त्याचे निधन झाले. ऑब्रीच्या या कथेविषयी इतिहासकार साशंक आहेत. मात्र कथेतील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रयोग करणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे. कोंबडी साफ करणाऱ्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

बर्फाने मांस टिकते, हे उत्तरेकडील लोकांना बेकनच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. हे ज्ञान कारखान्यात आणले ते क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसाने. १९१२ पासून काही वर्षे तो कॅनडाच्या लॅब्राडोर प्रदेशात राहिला. तेथील इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडीत तेव्हा ते मासे पाहता पाहता गोठून जात आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. याचे कारण बर्ड्‌सआयने ओळखले. पदार्थ सावकाश गोठला तर त्यातील पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशी फाडतात आणि मग वितळताना मांसातील रस वाहून जातो. पदार्थ झपाट्याने गोठला तर स्फटिक बारीक राहतात आणि मांसाचा पोत टिकतो. अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्ये पदार्थाची पाकिटे दाबून गोठवण्याचे यंत्र त्याने तयार केले. १९२९ मध्ये त्याची कंपनी व तिचे हक्क २ कोटी २० लाख डॉलरना विकले गेले. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात १८ दुकानांतून गोठवलेले मांस, मासे, भाज्या व फळे विक्रीस ठेवण्यात आली. पण लोकांच्या घरी हे अन्न साठवण्याची सोय नव्हती. त्यामुळे त्याचा खरा प्रसार व्हायला दुसरे महायुद्ध उलटावे लागले.

गोठवण्याची विद्या आली, तरी गोठवण्यासाठी स्वस्त कोंबडी हवी होती. त्या काळी अमेरिकेतही कोंबडी पाळीत ती मुख्यतः अंड्यांसाठी. अंडी देणे थांबले की ती भांड्यात जाई, म्हणून कोंबडीचे जेवण हे रविवारचे वा सणावाराचे जेवण असे. आपल्याकडील जुन्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू या गावी सेसिल स्टील ही शेतकरी स्त्री राहत असे. १९२३ मध्ये तिने अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ५० पिले मागवली. उबवणी केंद्राच्या चुकीने ५०० पिले आली. तिने ती परत न करता मांसासाठी वाढवली. त्यांतील ३८७ जगली आणि पौंडाला ६२ सेंट या भावाने विकली गेली. पुढील वर्षी तिने १,००० पिले मागवली आणि १९२६ मध्ये १०,००० पक्ष्यांची जागा बांधली. शेजारच्या शेतकऱ्यांनी तिचे अनुकरण केले. केवळ मांसासाठी कोंबडी वाढवण्याचा, म्हणजे ब्रॉयलरचा, मोठा धंदा त्या किनारपट्टीवर येथून उभा राहिला. तिचे पहिले लाकडी खुराडे आज डोव्हर येथील कृषी संग्रहालयात जतन करून ठेवले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याला वेग आला. ए अँड पी या दुकानांच्या साखळीच्या पुढाकाराने ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा घेण्यात आली. रुंद छातीची, जाड मांड्यांची, कमी खाद्यात लवकर वाढणारी कोंबडी निर्माण करणे हा तिचा हेतू होता. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकरित जातीने बाजी मारली. पूर्वी पिसे काढलेली पण डोके, पाय व आतडी शाबूत असलेली कोंबडी ग्राहकाला मिळे आणि उरलेले काम घरच्या बाईला करावे लागे. आता तेही काम कारखान्यात होऊ लागले. १९५७ मध्ये अमेरिकेत कोंबडीच्या मांसाच्या सरकारी तपासणीचा कायदा झाला.

शेवटची पायरी म्हणजे चुरा लावलेले, तळायला तयार तुकडे. त्याचे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट बेकर यांच्याकडे जाते. शेतकऱ्यांच्या कोंबडीला गिऱ्हाईक वाढावे, हा त्यांचा उद्देश होता. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. बारीक केलेले मांस एकत्र राहावे कसे, आणि वरचा चुरा गोठवताना व तळताना सुटू नये कसा? मीठ व व्हिनेगर घालून मांस वाटले म्हणजे त्यातील चिकट प्रथिने बाहेर येतात. त्यात दुधाची भुकटी व धान्याचे पीठ घालून तुकडे करावे, गोठवावे, अंड्याचे पीठ व चुरा लावावा आणि पुन्हा गोठवावे, अशी रीत त्यांनी शोधली. १९६३ मध्ये ही कृती त्यांनी छापून सर्वांना खुली केली. स्वामित्वहक्क घेतला नाही. १९८३ मध्ये मॅक्डोनल्ड्सने असेच तुकडे अमेरिकाभर विकायला काढले आणि बघता बघता ते मुलांच्या आवडीचे खाद्य झाले.

येथपर्यंतची कहाणी बुद्धीची, धडाडीची आणि सोयीची आहे. पण वाचकहो, आपण येथेच थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितला असे होईल. स्वयंपाकघरातील काम कमी झाले म्हणजे ते जगातून नाहीसे झाले असे नव्हे. पिसे काढणे, आतडी काढणे, तुकडे करणे, तळणे हे सारे आता दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी, थंड आणि निसरड्या जमिनीवर उभे राहून, पट्ट्याच्या वेगाने होऊ लागले.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात हॅम्लेट नावाचे छोटेसे गाव आहे. तेथे पूर्वी आइसक्रीमचा कारखाना असलेल्या इमारतीत इंपीरियल फूड प्रॉडक्ट्स ही कंपनी कोंबडीचे तुकडे तळून गोठवीत असे. ३ सप्टेंबर १९९१ च्या सकाळी तळण्याच्या मोठ्या कढईजवळ हायड्रॉलिक तेलाची नळी सुटली, तेलाचा फवारा उडाला आणि क्षणार्धात आग पसरली. धुराने वेढलेले कामगार दारांकडे धावले. दारांना कुलपे होती. कामगार कोंबडीचे तुकडे चोरतात, या संशयावरून ती लावलेली होती. पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली आणि पन्नासहून अधिक जखमी झाली. मृतांत अठरा स्त्रिया होत्या, त्यांतील अनेक जणी लेकुरवाळ्या. कारखाना सुरू झाल्यापासून अकरा वर्षांत सरकारी सुरक्षा निरीक्षकाचे पाऊल तेथे एकदाही पडले नव्हते. मालकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला १९ वर्षे ११ महिन्यांची शिक्षा झाली, पण सुमारे चार वर्षांतच तो बाहेर आला. त्या राज्याने पुढे कामगार सुरक्षेचे नवे कायदे केले आणि निरीक्षकांची संख्या वाढवली. दुसऱ्यांच्या घरचे जेवण लवकर व्हावे म्हणून राबणाऱ्या त्या आया आपल्या मुलांच्या जेवणाला मात्र परतल्या नाहीत.

आपल्या देशात ब्रॉयलरचा प्रसार झाला तो प्रामुख्याने गेल्या अर्धशतकात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वर हॅचरीज स्थापन केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या या समूहाने देशातील कुक्कुटपालनाचे रूप पालटले. बाजारात जिला आपण ‘बॉयलर’ म्हणतो ती कोंबडी म्हणजे ब्रॉयलरच, आणि ‘गावठी’ हा शब्द तिच्यापासून वेगळेपण दाखवण्यासाठी रूढ झाला. आता मसाला लावलेले, चुरा लावलेले गोठवलेले तुकडेही गावोगावच्या दुकानांत पोहोचले आहेत. नोकरी करणाऱ्या स्त्रीने त्यांचा आधार घेतला तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाट्यावर मसाला वाटण्याचे पुण्य सांगणाऱ्यांनी आधी स्वतः वरवंटा हाती घ्यावा.

मात्र दोन गोष्टींचे भान असावे. पहिली गोष्ट आरोग्याची. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ तेवढी थांबते. ‘शिजवण्यास तयार’ म्हणजे ‘खाण्यास तयार’ नव्हे. वरून सोनेरी दिसणारा तुकडा आतून पूर्ण कच्चा असू शकतो, आणि केवळ मायक्रोवेव्हमध्ये गरम करून असे तुकडे खाल्ल्याने अमेरिकेत साल्मोनेला जंतूंची बाधा झाल्याची उदाहरणे १९९८ पासून नोंदली गेली आहेत. म्हणून मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस उष्णता पोहोचली पाहिजे. कच्चे मांस ओट्यावर तासन्‌तास न ठेवता रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवावे आणि एकदा बाहेर वितळलेले पुन्हा गोठवू नये. सकाळी दही, आले-लसूण व हळद लावून ठेवलेले तुकडे संध्याकाळी कांद्यावर परतले, तर अर्ध्या तासात चांगला रस्सा होतो.

दुसरी गोष्ट न्यायाची. हे पाकीट स्वस्त का आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. ते बनवणाऱ्या हातांना पुरेसा मोबदला मिळतो का, त्यांच्या कारखान्याची दारे उघडी असतात का, हे पाहणे सरकारचे काम आहे. पण सरकारला ते काम करावयास लावणे हे ग्राहकांचे व नागरिकांचे काम आहे. आपल्या घरांतील कितीतरी तरुण मुलगे व मुली आज अशाच कारखान्यांत, हॉटेलांत आणि जहाजांच्या भटारखान्यांत राबत आहेत. हायगेटच्या त्या बाईचे नाव नोंदवायचे राहून गेले. हॅम्लेटच्या पंचवीस जणांची नावे मात्र त्यांच्या गावाने स्मारकावर कोरून ठेवली आहेत.