अनुकारी गायक पक्षी : चांद्याच्या वनांतील जाती व त्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास

स्वतःच्या जातीच्या आवाजाखेरीज इतर पक्ष्यांचे, क्वचित प्राण्यांचे व माणसांचेही आवाज शिकून ते पुन्हा काढणाऱ्या पक्ष्यांना अनुकारी पक्षी म्हणतात. त्यांपैकी अमेरिकेतील मॉकिंगबर्ड जगभर प्रसिद्ध आहे. भारतात तो आढळत नाही. तथापि महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनमय जिल्ह्यांत भृंगराज, शामा, हरेवा आणि साळुंकी असे अनेक गायक व अनुकारी पक्षी आहेत. त्यांची परस्परांशी व मॉकिंगबर्डशी असलेली नाती ठरविताना शास्त्रज्ञांना सु. अडीचशे वर्षांत अनेकदा मते बदलावी लागली. आवाजाचे साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे, हे या इतिहासाचे मुख्य फलित होय.

मॉकिंगबर्ड : उत्तर अमेरिकेतील सामान्य मॉकिंगबर्डाचे शास्त्रीय नाव मायमस पॉलिग्लॉटॉस असून त्याचा समावेश मिमिडी कुलात होतो. हे कुल फक्त अमेरिका खंडात व लगतच्या बेटांवर आढळते आणि त्यात तीसहून थोड्या अधिक जाती आहेत. पक्षी राखाडी रंगाचा असून उडताना त्याच्या पंखांवरील पांढरे पट्टे स्पष्ट दिसतात. एका नराच्या गाण्यात शंभराहून अधिक निरनिराळे स्वरखंड असू शकतात. क्रमविकासाच्या इतिहासात या कुलाला वेगळेच महत्त्व आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३५ मध्ये गालॅपागस बेटांवर गोळा केलेले मॉकिंगबर्ड तीन निरनिराळ्या जातींचे असल्याचा निर्णय जॉन गूल्ड यांनी १८३७ मध्ये दिला. बेटाबेटांगणिक जाती वेगळी, या वस्तुस्थितीमुळे जाती अपरिवर्तनीय असतात या समजुतीविषयी डार्विन यांच्या मनात शंका बळावली.

वनप्रदेश व तेथील पक्षी : पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे दोन तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू यांची ही पानझडी वने पूर्वेस बस्तरच्या अरण्याला जाऊन मिळतात. दक्षिण व पश्चिम भारतातील पक्षी आणि पूर्वेकडील दमट वनांतील पक्षी यांचा संगम येथे होतो.

या वनांतील सर्वांत उल्लेखनीय अनुकारी पक्षी भृंगराज होय. तो कोतवालाच्या कुलातील असून तकतकीत काळा असतो. कपाळावर तुरा आणि शेपटीच्या दोन बाजूंना तारेसारखी लांब, टोकाला पाते असलेली पिसे असतात. शिक्रा, सातभाई, हळद्या इत्यादींचे आवाज तो हुबेहूब काढतो. शामा दाट झुडुपांच्या व बांबूंच्या सावलीत राहतो. पहाटे व संध्याकाळी ऐकू येणाऱ्या त्याच्या गोड गाण्यात इतर पक्ष्यांचे स्वर मिसळलेले असतात. त्याचा जवळचा नातेवाईक दयाळ वस्तीजवळच्या बागांत व वनाच्या कडेला गातो. पानांच्या रंगाचा हरेवा फुललेल्या पळसावर व पांगाऱ्यावर मध पिताना अनेकांच्या नकला करतो. साळुंकी तर गावोगावी परिचित आहे. याखेरीज पावसाळ्याच्या तोंडावर येऊन येथे वीण घालणारा नवरंग आणि लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक हे अनुकारी नसले, तरी वर्गीकरणाच्या इतिहासात त्यांना स्थान आहे.

आरंभीचे वर्गीकरण : कार्ल लिनीअस यांनी १७५८ व १७६६ साली प्रसिद्ध केलेल्या सिस्टिमा नॅचुरी या ग्रंथाच्या आवृत्त्यांत वरीलपैकी अनेक पक्ष्यांना प्रथम शास्त्रीय नावे मिळाली. त्यांत मॉकिंगबर्ड कस्तूर पक्ष्यांच्या टर्डस प्रजातीत, दयाळ डोंगरी मैनेच्या ग्रॅक्यूला प्रजातीत, भृंगराज कोकिळांच्या कुक्यूलस प्रजातीत, साळुंकी स्वर्गपक्ष्यांच्या पॅराडायसीया प्रजातीत, तर नवरंग व स्वर्गीय नर्तक हे दोन्ही कावळ्यांच्या कॉर्व्हस प्रजातीत घातले गेले. आज ही मांडणी विचित्र वाटते. परंतु लिनीअस यांच्यापुढे बहुधा वाळवलेली कातडी, इतरांनी काढलेली चित्रे वा प्रवाशांची वर्णने एवढीच साधने होती. चोच, पाय व शेपटी यांच्या बाह्य ठेवणीवरून त्यांना निर्णय करावा लागे. कातडे मुके असते. पक्षी कोठे बसतो, काय खातो व कसा गातो, हे त्यावरून कळत नाही.

असे असले, तरी स्थानिक लोकांचे ज्ञान या नावांत अधूनमधून शिरले आहे. दयाळाच्या शास्त्रीय नावातील सौलॅरिस हा शब्द मद्रासहून लंडनच्या जेम्स पेटिव्हर यांच्याकडे गेलेल्या नमुन्यासोबतच्या भारतीय नावावरून आला, असे मानतात. शामाला जोव्हान्नी स्कोपोली यांनी १७८६ मध्ये मस्किकॅपा म्हणजे माशीमार पक्ष्यांच्या प्रजातीत घातले. हा निर्णय पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चुकीचा मानला गेला.

शब्दिनी व पिसारा : एकोणिसाव्या शतकात बाह्य रूपापलीकडे जाऊन शरीररचना तपासण्याचा प्रयत्न सुरू झाला. बर्लिन येथील योहानेस म्यूलर यांनी १८४७ मध्ये पक्ष्यांच्या शब्दिनीचा, म्हणजे श्वासनाल जेथे दुभंगते तेथील स्वरेंद्रियाचा, तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. फांदीवर पकड घेऊन बसणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणातील (पॅसेरिफॉर्मीस) काहींच्या शब्दिनीला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात, तर इतरांची शब्दिनी साधी असते, असे त्यांना आढळले. पहिल्या गटाला गायक पक्षी म्हटले गेले. कावळ्याचा आवाज कर्कश असला, तरी या व्याख्येनुसार तो गायक पक्षी ठरतो. उलट रंगीबेरंगी नवरंग त्या गटाबाहेर राहतो. लिनीअस यांनी कावळ्यांत घातलेला नवरंग अशा रीतीने कावळ्यांपासून दूर गेला.

भारतात या कामाचा पाया कलकत्ता येथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ (१८४१–६२) यांनी घातला. त्यांचा डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार होता. मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक टी. सी. जर्डन यांचा बर्ड्स ऑफ इंडिया हा ग्रंथ १८६२–६४ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्डन यांनी वनांत प्रत्यक्ष हिंडून पक्ष्यांच्या सवयी, घरटी व देशी नावे नोंदविली. कोतवालांना त्यांनी खाटीक पक्ष्यांजवळ ठेवले. पुढे फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेतील पक्ष्यांचा पहिला खंड (१८८९) लिहिताना ई. डब्ल्यू. ओट्स यांनी पिलांच्या पिसाऱ्याला महत्त्व दिले. कस्तूर, दयाळ व माशीमार यांच्या पिलांच्या अंगावर ठिपके असतात, ते प्रौढपणी नाहीसे होतात. अशा खुणा नाती दाखवितात, असे त्यांचे मत होते.

मध्य प्रांतातील पाहणी : चांद्याच्या वनांची पक्षिशास्त्रीय पाहणी प्रथम भूवैज्ञानिकांच्या हातून झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील डब्ल्यू. टी. ब्लॅनफोर्ड गोदावरीच्या खोऱ्यात काम करीत असताना पक्षीही गोळा करीत. जर्डन यांचे नाव लाभलेला दुर्मिळ धाविक पक्षी त्यांना १८७० च्या सुमारास सिरोंचा व भद्राचलम् या परिसरात आढळला होता. फॉना मालेतील पक्ष्यांचे तिसरा (१८९५) व चौथा (१८९८) हे खंड ब्लॅनफोर्ड यांनीच लिहिले. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डाब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी १९३१–३२ मध्ये सलीम अली यांनी प्राणहितेपलीकडील तत्कालीन हैदराबाद संस्थानाची पाहणी केली होती.

सलीम अली व एस. डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या हँडबुकात (१९६८–७४) त्या काळी सर्वमान्य असलेला क्रम आढळतो. त्याच्या पाचव्या खंडात हळद्या, कोतवाल, साळुंकी व कावळा यांची कुले एकत्र आहेत. कस्तूर, शामा, दयाळ, सातभाई, वटवट्या व माशीमार यांना मात्र मस्किकॅपिडी या एकाच अवाढव्य कुलाची उपकुले मानलेले आहे. त्याच सुमारास अमेरिकन ग्रंथांत मॉकिंगबर्डांना रेन पक्षी व कस्तूर यांच्या दरम्यान ठेवीत. साळुंकी व मॉकिंगबर्ड यांचा निकट संबंध असावा, असे या दोन्ही मांडण्यांवरून सुचत नव्हते.

आनुवंशिक पुरावा : या मांडणीस मोठा धक्का अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स सिब्ली व जॉन ॲल्क्विस्ट यांनी दिला. दोन जातींच्या डीएनए रेणूंचे धागे उष्णतेने सुटे करून एकत्र मिसळले, म्हणजे त्यांचे संकरित जोड तयार होतात. हे जोड पुन्हा तापवून ते किती तापमानास सुटतात, हे मोजतात. नाते जितके जवळचे, तितके हे तापमान अधिक. या पद्धतीने १९८४ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की मॉकिंगबर्डांचे निकटचे आप्त कस्तूर वा रेन नसून साळुंकी व मैना यांचे कुल होय. त्यांचे संपूर्ण वर्गीकरण १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. ऑस्ट्रेलियातील गायक पक्षी व कावळ्यांचा गट मिळून एकच शाखा होते, हे त्यांचे मत २००२ नंतरच्या जनुकक्रमाच्या अभ्यासांत चुकीचे ठरले. गायक पक्ष्यांचा उगमच ऑस्ट्रेलियाच्या भूप्रदेशात झाला असून लायरबर्ड हा तेथील थोर अनुकारी पक्षी त्यांच्या सर्वांत प्राचीन शाखेत मोडतो, असे आता मानतात. मॉकिंगबर्ड व साळुंकी यांचे नाते मात्र नव्या पुराव्यानेही पक्के झाले.

त्यानुसार चांद्याच्या वनांतील पक्ष्यांची आजची मांडणी पुढीलप्रमाणे आहे. साळुंकी व भांगपाडी मैना मॉकिंगबर्डाच्या सर्वांत जवळच्या होत. शामा व दयाळ कस्तुरांच्या गटातून निघून माशीमारांच्या मस्किकॅपिडी कुलात आले. म्हणजे स्कोपोली यांचा १७८६ चा निर्णय वेगळ्या कारणाने खरा ठरला. हे कुल व कस्तुरांचे कुल साळुंकी-मॉकिंगबर्ड यांच्याच अधिकुलात येतात. भृंगराज यांपासून पुष्कळ दूर, कावळा, हळद्या व खाटीक यांच्या शाखेत आहे. स्वर्गीय नर्तकाला माशीमारांतून काढून त्याच शाखेत भृंगराजाजवळ ठेवतात. लिनीअस यांनी त्याला कावळ्यांत घातले होते, ते योगायोगाने सत्याजवळ होते. हरेवाचे कुल स्वतंत्र असून ते सूर्यपक्ष्यांच्या जवळपासचे मानतात. नवरंग गायक पक्ष्यांच्या बाहेरच राहतो. [⟶ पक्षिवर्ग].

अनुकरणाचा अर्थ : वरील मांडणीवरून स्पष्ट होते, की अनुकरणाची शक्ती एकाच पूर्वजाकडून सर्वांना मिळालेली नाही. गायक पक्ष्यांची पिले गाणे ऐकून शिकतात. या सर्वसामान्य शिक्षणशक्तीचा विस्तार निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे झाला. तिचा उपयोगही एकसारखा नाही. श्रीलंकेतील भृंगराजाच्या निकटच्या जातीवरील संशोधनात (२००६) असे दिसले, की धोक्याच्या प्रसंगी तो इतर जातींच्या धोकासूचक हाका काढतो. मिश्र थव्यांबरोबर हिंडून त्यांनी उठविलेले कीटक पकडणाऱ्या या पक्ष्याला अशी भाषा उपयोगी पडत असावी. याउलट, बस्तरमध्ये आढळणारी व पिंजऱ्यात माणसासारखी बोलणारी डोंगरी मैना मोकळ्या रानात इतर जातींच्या नकला करीत नाही. शेजारच्या स्वजातीयांकडून ती हाका शिकते. तिचे बोलणे हे बंदिवासाचे फळ होय.

वर्गीकरण व संरक्षण : गोड आवाज हाच या पक्ष्यांना शाप ठरला आहे. शामा व डोंगरी मैना यांना पिंजऱ्यासाठी मोठी मागणी असल्याने आशियाच्या अनेक भागांत त्यांची संख्या घटली. भारतात १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानंतर १९९०–९१ मध्ये देशी वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात डोंगरी मैनेचा १९९७ मध्ये, तर शामाचा समावेश करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. अशा याद्यांत पक्षी शास्त्रीय नावाने नोंदविलेले असतात. त्यामुळे जातीची मर्यादा कोठे आखली जाते यावर तिला मिळणारे संरक्षण अवलंबून राहते, आणि संग्रहालयातील वाद वनातील पक्ष्यापर्यंत पोहोचतो.

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा (राष्ट्रीय उद्यान, १९५५) व अंधारी, तर गडचिरोलीत चपराळा व भामरागड ही संरक्षित क्षेत्रे आहेत. परंतु शामा, हरेवा व भृंगराज यांची बरीचशी वस्ती त्यांच्या सीमांबाहेरील वनांत आहे. बांबूची बेटे व खालची झुडपे तोडली किंवा जाळली गेली, की शामा तेथून नाहीसा होतो, मग वरचे वृक्ष उभे असले तरीही. गोंड व माडिया लोकांना या पक्ष्यांचे आवाज, घरटी व ऋतू यांची पिढ्यान्‌पिढ्या माहिती आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी विदर्भातील वनांत राहून तेथील लोकांकडून पक्ष्यांची नावे व माहिती मिळविली आणि २००२ मध्ये पक्षिकोश प्रसिद्ध केला. डीएनएच्या साहाय्याने नाती निश्चित करता येतात. पण भृंगराज कोणत्या प्रसंगी कोणाची हाक उसनी घेतो, हे जिवंत वनात ऐकूनच कळते. त्यासाठी ते वन आणि त्यातील आवाज ओळखणारी माणसे, दोन्ही राहणे आवश्यक आहे.