फादर थॉमस स्टीफन्स : एका बहुभाषिक कवीचे जीवन व कार्य

प्रास्ताविक :
१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली. या दोन शतकांत वसईच्या किनाऱ्यावर रुजलेल्या ख्रिस्ती समाजाने मराठीशी नाते कायम राखले. मराठी ख्रिस्ती काव्यपरंपरेचा आद्य मानबिंदू मात्र गोव्यात, साष्टी प्रांतात घडला. फादर थॉमस स्टीफन्स हे त्याचे कर्ते. त्यांच्या कार्याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवनक्रम :
स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये ते गोव्यास पोहोचले. या प्रवासाविषयी वडिलांस लिहिलेले त्यांचे पत्र हॅकलुइट याने १५८९ मध्ये आपल्या प्रवाससंग्रहात प्रसिद्ध केले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाङ्मयीन कार्य :
इंग्रजी, लॅटिन, पोर्तुगीज, कोंकणी व मराठी या भाषांत त्यांचा संचार होता. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्यांनी १५८३ मध्ये बंधूस लिहिलेल्या पत्रात नोंदविले. विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध प्रतिपादन त्यानंतर दोन शतकांनी, १७८६ मध्ये झाले. त्यांची कोंकणी 'दौत्रिन क्रिस्तां' १६२२ मध्ये व कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, छापले गेले.

'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे मुद्रित झाले. त्याच्या पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू असून एकूण ओव्या सुमारे अकरा हजार आहेत. ओवी हा छंद, पुराण हा आकृतिबंध आणि 'वैकुंठ' यांसारखी संज्ञा त्यांनी संतपरंपरेतून स्वीकारली.

विवेचन :
येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. ज्या सत्तेच्या छायेत हा ग्रंथ निर्माण झाला, त्याच सत्तेने गोव्यातील देवळे पाडली व देशी ग्रंथ नष्ट केले. स्टीफन्स त्या धर्मप्रसाराच्या कार्याचेच घटक होते. तथापि लोकांना पुराणश्रवणाची ओढ आहे, हे जाणून त्यांनी त्यांच्याच भाषेत व छंदात रचना केली. देशी लिपीचे खिळे मिळावेत, अशी विनंती त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांकडे केली होती. परंतु ग्रंथ अखेर रोमन लिपीतच छापला गेला. पुढे १६८४ मध्ये गोव्यात कोंकणीच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम निघाला. मूळ मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी, तर १९५६ मध्ये देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी आवृत्ती सिद्ध केली.

समारोप :
परकीय कवीने मराठीचा केलेला गौरव आदरणीय आहेच. परंतु ज्या श्रोत्यांच्या भाषेने त्यास कवी बनविले, त्यांचे ऋणही तितकेच मोठे आहे. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू व मराठी यांच्या या जुन्या नात्याची नव्याने प्रचिती आली. वसईच्या सांस्कृतिक इतिहासाचा अभ्यास करताना 'ख्रिस्तपुराणा'चे वाचन म्हणूनच अगत्याचे ठरते.