तळटीप : ‘एसीपी प्रद्युम्न’

सोनी वाहिनीवर 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेतील ही भूमिका शिवाजी साटम यांनी केली असून, गुन्हेगारीत शिरलेल्या आपल्या नकुल या मुलावर प्रद्युम्न स्वतःच गोळी झाडतो, या प्रसंगात नोकरीतील कर्तव्य थेट घरात शिरते. एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. हे पद पोलीस आयुक्तालयातच असल्याने ते, उदाहरणार्थ, सोलापूर शहरात आढळते, तर सोलापूर ग्रामीण हद्दीत त्याच्या तोडीचा अधिकारी उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणवला जातो. मालिकेतील पथक खुनामागून खून उलगडत असले, तरी महाराष्ट्र राज्याच्या पुणेस्थित गुन्हे अन्वेषण विभागाकडे (सीआयडी) प्रत्यक्षात निवडक प्रकरणेच वर्ग होतात आणि शहरातील नेहमीचा तपास संबंधित पोलीस ठाणे किंवा गुन्हे शाखा करते.