मत आणि कौल

हिंदीत भिंतीवर 'मत दो' असं लिहिलं तर त्याचे दोन अर्थ निघतात: मत द्या, आणि देऊ नका. मराठीला ही सोय नाही. आपला गोंधळ वेगळा आणि माझ्या मते जास्त मजेचा आहे. 'तुमचं मत कोणाला?' आणि 'तुमचं मत काय?' हे दोन्ही प्रश्न आपण एकाच शब्दावर भागवतो. पहिल्याचं उत्तर गुप्त ठेवायचं असतं. दुसऱ्याचं कोणी न विचारताही द्यायचं असतं. विषय कुठलाही चालतो: राज्यपालांचे अधिकार, कृष्णविवर, कालचा सिनेमा, भीमपलासातला निषाद.

शब्दाचं कूळ सरळ आहे. संस्कृतात 'मन्' म्हणजे विचार करणे. गम् पासून गत, तसं मन् पासून मत. गत म्हणजे गेलेलं, मत म्हणजे विचार करून झालेलं. मन, मनन, मती, मंत्र, मान्य, संमती ही सगळी त्याच घरातली मंडळी. ('मतलब' मात्र अरबीतून आलेला पाहुणा, नुसता आवाजाने जवळचा वाटतो.) विचार आधी, मत नंतर हा क्रम शब्दाच्या पोटातच बसवलेला आहे. त्यामुळे 'सिनेमा अजून पाहिला नाही, पण माझं मत विचाराल तर…' हे वाक्य मला व्याकरणाची चूक वाटतं.

पूर्वी मत बहुधा कोणा गुरूच्या किंवा परंपरेच्या नावावर चाले. संगीताच्या जुन्या ग्रंथांत रागांची घराणी लावताना शिवमत, हनुमन्मत, कल्लिनाथमत अशी मतं येतात. हनुमन्मताप्रमाणे या रागाच्या रागिण्या कोणत्या, शिवमताप्रमाणे कोणत्या, यावर पानंच्या पानं खर्ची पडली. पंडित भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली ती गुरू-शिष्यांच्या संवादातून. तिच्यात शिष्य शंका काढतो, गुरू एकेकाचं म्हणणं समोर ठेवतो, तपासतो, मग पुढे जातो. ही जुनी शिस्त. दुसऱ्याचं मत खोडायचं असेल तर आधी ते नीट मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणायचं. खंडन त्यानंतर, आणि शेवटी जे सिद्ध होऊन उरेल तो सिद्धांत. 'उत्क्रांतीचा सिद्धांत' म्हणताना आपण हाच शब्द वापरतो. 'सिद्धांतच तर आहे, कोणाचं तरी मत!' असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगावं की मराठीत या दोन शब्दांमध्ये बरीच चढण आहे.

सिनेमा-नाटकाच्या बाबतीत आपण मताला थोडे कपडे चढवतो आणि 'अभिप्राय' म्हणतो. हिंदीत अभिप्राय म्हणजे आशय, हेतू. मराठीत तो प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत लिहायचा असतो, नाहीतर कचेरीत साहेबाने हाताखालच्याबद्दल. पहिल्या वहीत सगळंच 'अप्रतिम' असतं. दुसरीकडे काय असतं ते संबंधिताला बढती अडल्यावर कळतं.

आता निवडणुकीतलं मत पाहा. भेद क्रियापदांत दिसतो. विचारातलं मत मांडतात, बनतं, बदलतं, जुळतं. पेटीतलं मत मात्र मोजतात, ते बाद होतं, फुटतं, आणि तिसरा उमेदवार ते खातोसुद्धा. विचार खाता येत नाही, त्यामुळे मतं 'खाल्ली' गेली असं पेपरात वाचलं की कुठलं मत हे विचारावं लागत नाही. शिवाय मतांचा जोगवा मागतात, आणि मिळतं त्याला दान म्हणतात. 2013 पासून 'यांपैकी कोणीही नको' असं सांगायचीही सोय झाली. तिचं इंग्रजी लघुरूप 'नोटा'. मराठी कानाला त्यातून भलतंच ऐकू येतं, आणि निवडणुकीच्या दिवसांत ते अगदीच गैरलागू नसतं.

इंग्रजी 'व्होट' लॅटिन 'व्होटुम'वरून आला. त्याचा मूळ अर्थ देवापुढे बोललेला नवस. म्हणजे तिकडे मत देवाकडून निघालं आणि पेटीत आलं. आपलं मत मनातून निघालं. पण देवाला आपणही मोकळं सोडलेलं नाही. निकालाच्या दिवशी आपण 'मतदारांचा कौल' म्हणतो. कौल अरबी, अर्थ बोल, शब्द, वचन. कव्वाल त्याच धातूतला. (छपराचं कौल वेगळं.) मराठेशाहीत ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं असलं की सरकार रयतेला कौल देई: या, जमीन कसा, सुरुवातीला सारा कमी घेऊ. दिला शब्द मोडायचा नाही, हा त्याचा अर्थ.

कोकणात आणि गोव्यात हाच शब्द देवाच्या तोंडी गेला. देवळात गाऱ्हाणं घालतात, मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवतात आणि वाट पाहतात. मुलीचं स्थळ, जमिनीचा तंटा, विहिरीची जागा, काहीही विचारता येतं. उजवीकडचं पान पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. पान पडेपर्यंत गाभाऱ्याबाहेर कोणी बोलत नाही. निकालाच्या सकाळी दूरचित्रवाणीसमोर बसलेलं घर पाहिलं की मला तीच शांतता आठवते.

हे दोन शब्द एकदा खरोखर एकत्र आले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की केंद्रशासित राहावं, हे 16 जानेवारी 1967 रोजी लोकांना विचारण्यात आलं. कायद्यातलं नाव 'ओपिनियन पोल'. मराठीत झालं 'जनमत कौल'. एका शब्दजोडीत मनही आलं आणि देऊळही. चिन्हं होती फूल आणि दोन पानं. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला पानं. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या फुला-पानांनीच कौल लागत आला, तिथे याहून समजायला सोपी मतपत्रिका झाली नसती. फुलाला 1,38,170 मतं पडली, पानांना 1,72,191. विलीनीकरण बारगळलं.

यानंतर अडीच महिनेही उलटले नव्हते, तेव्हा मार्चमध्ये गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. त्याच मतदारांनी विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच निवडून दिलं आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.