सिगारेटच्या पाकिटावरील वैधानिक इशारा : हेतू, वाचक आणि परिणाम

भारतात सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापण्याची सक्ती १९७५ च्या सिगारेट अधिनियमाने केली. अमेरिकेत असा इशारा १ जानेवारी १९६६ पासून छापला जात होता. पण तेथील कायद्याने 'घातक ठरू शकते' अशी सावध भाषा वापरली होती. 'सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे' हे भारतीय विधान त्या मानाने निःसंदिग्ध होते. मात्र ते बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असे. विडी तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हती. म्हणजे जवळजवळ तीन दशके शासन ज्याच्याशी बोलत होते, तो वाचक पाकीट विकत घेणारा आणि इंग्रजी जाणणारा होता. त्याच्याही दृष्टीने हा मजकूर लवकरच पाकिटाच्या सजावटीचा भाग झाला. 'वैधानिक इशारा' हा शब्दप्रयोग मराठी बोलण्यात थट्टेने रूढ व्हावा, यातच त्याची धार किती बोथट झाली होती ते दिसते.

२००३ च्या अधिनियमाने विडी, गुटखा आदी सर्व तंबाखूजन्य पदार्थ इशाऱ्याच्या कक्षेत आणले. निरक्षरांपर्यंत पोहोचायचे तर चित्र हवे, हा विचारही याच टप्प्यावर पुढे आला. कॅनडाने असे सचित्र इशारे २००१ पासूनच लागू केले होते. भारतात २००६ च्या नियमांत कवटी व हाडांचे चिन्ह होते; विडी उद्योगाच्या विरोधामुळे ते मागे पडले आणि वारंवारच्या मुदतवाढीनंतर ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या केवळ दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर चित्र आले. ते चित्र फुफ्फुसांचे, त्यातील एक तर क्ष-किरण छायाचित्र होते. ज्याने आयुष्यात क्ष-किरण छायाचित्र पाहिलेले नाही, अशा विडीकामगाराला त्यातून काय उमगावे, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचित झाला. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. त्याआधीच संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनी तंबाखू व कर्करोग यांचा संबंध दाखविणारे भारतीय संशोधन नाही, असे विधान केले आणि अंमलबजावणी वर्षभर लांबली. हे विधान इतिहासाला धरून नव्हते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या रुग्णांवर आधारित संघवी, राव आणि खानोलकर यांचा धूम्रपान, तंबाखू चघळणे व कर्करोग यांविषयीचा अभ्यास १९५५ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला होता. साठ वर्षांपूर्वी मुंबईत सिद्ध झालेली गोष्ट संसदेच्या समितीला ठाऊक नसावी, याला अज्ञान म्हणावे की सोय, हे ठरविणे अवघड आहे. अखेर १ एप्रिल २०१६ पासून मोठा इशारा लागू झाला.

त्याचा वृत्तीवर परिणाम झाला काय? जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या फेरीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी इशारा पाहून सोडण्याचा विचार आल्याचे सांगितले होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ६१.९ टक्के झाले. विडी ओढणाऱ्यांत ते २९.३ वरून ५३.८ टक्क्यांवर गेले. चित्राने मनाला स्पर्श केला, यात शंका नाही. परंतु मागील बारा महिन्यांत धूम्रपान सोडण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही फेऱ्यांत सुमारे ३८ टक्केच राहिले. दुसऱ्या फेरीतील बारा महिन्यांचा काही काळ मोठ्या इशाऱ्याच्या आधीचा होता, हे खरे. तरीही विचार आणि कृती यांतील अंतर नजरेआड करता येत नाही. याच काळात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १४ वरून १०.७ टक्क्यांवर आले. त्याचे श्रेय एकट्या इशाऱ्याला देणे मात्र धाडसाचे ठरेल, कारण करवाढ आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनची सार्वजनिक ठिकाणची बंदीही याच कालखंडातील आहे. विचार आलेल्या माणसाला पुढे कोठे जावे हे सांगणारा मदतवाहिनीचा क्रमांक पाकिटावर सप्टेंबर २०१८ मध्ये आला, म्हणजे पहिल्या इशाऱ्यानंतर चार दशकांनी.

याहून मूलभूत अडचण विक्रीच्या पद्धतीत आहे. पानटपरीवर सिगारेट बहुतांशी सुटी विकली जाते. पाकीट टपरीवाल्याकडेच राहते. गिऱ्हाईकाच्या हाती येते ती एक कोरी सिगारेट. विद्यार्थी व रोजंदारीवरील मजूर यांचा इशाऱ्याशी संबंध येतो तो दुरून. महाराष्ट्र शासनाने २४ सप्टेंबर २०२० रोजी सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यावर बंदी घातली, ती हे ध्यानात घेऊनच. कॅनडाने दुसरा मार्ग धरला : १ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी तेथे प्रत्येक सिगारेटवरच इशारा छापणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. कागदात गुंडाळलेल्या सिगारेटीच्या बाबतीत हे शक्य आहे. विडी तेंदूच्या पानात वळली जाते. तिच्यावर काही छापणे कठीणच, आणि तिचा इशारा बंडलाच्या वेष्टनापुरताच राहतो.